नौकेच्या केबिनचे छत
नौकेच्या केबिनचे छत : नौकेच्या डेकवर उंचावलेल्या केबिनवरील आच्छादन. पाऊस व लाटांचे पाणी अडविणे एवढेच त्याचे कार्य नसते. शिडाच्या नौकेत शिडे उतरविताना माणसे याच छतावर वावरतात. काही नौकांत डोलकाठीही त्यावर उभी असते. काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्र द्रव्याची नौका हौशी मनुष्य घरी बांधतो, तेव्हा छताची जाडी पुष्कळदा अंदाजाने ठरविली जाते. बळकटी व ताठरपणा हे दोन भिन्न गुणधर्म एकच मानल्यामुळे हा अंदाज चुकतो.

अशा छतासाठी सामान्यतः सँडविच रचना वापरतात. पीव्हीसी फेस किंवा बाल्सा लाकूड यांच्या हलक्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंस काचतंतूंचे पातळ थर चिकटवितात. वर भार आला की वरच्या थरावर दाब व खालच्यावर ताण पडतो. गाभा कर्तन प्रतिबल सोसतो आणि दोन्ही थरांतील अंतर कायम राखतो. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो विमानाच्या धडात प्लायवुड व बाल्सा यांची अशीच रचना होती.

उदा., २ मी. रुंदीच्या सपाट छताची ०·५ मी. रुंद पट्टी दोन्ही टोकांना नुसती टेकलेली आहे व तिच्या मध्यावर १०० किग्रॅ. भार आहे, असे मानू. गाभा २० मिमी. व प्रत्येक थर १·५ मिमी. जाडीचा असल्यास थरांतील प्रतिबल सु. ३० मेगापास्कल येते. चांगला थर याच्या कितीतरी पट प्रतिबल सहन करतो. म्हणजे छत मोडणार नाही. मात्र ते सु. ६ सेंमी. खाली वाकेल आणि त्यावर उभ्या माणसाचा विश्वास उडेल. तेच थर ठेवून गाभा ४० मिमी. केल्यास वाक २ सेंमी.च्या आत येतो, कारण ताठरपणा थरांमधील अंतराच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घनमीटरला ८० किग्रॅ. घनतेचा फेस असल्यास यासाठी चौ. मीटरमागे केवळ १·६ किग्रॅ. वजन वाढते. एवढाच ताठरपणा गाभ्याविना मिळवावयाचा तर सु. २५ मिमी. जाडीचा घन थर लागेल व त्याचे वजन चौ. मीटरला सु. ४५ किग्रॅ. भरेल. इतक्या उंचीवरील हे वजन नौकेच्या स्थैर्यास घातक ठरते.

रुंदीच्या दिशेने बाक दिल्यासही छत ताठ होते व पाणी साचत नाही. मात्र टोके बाहेर सरकू लागली की कमानीचा उपयोग सरतो. मोठ्या खिडक्यांमुळे बाजूच्या भिंती दुबळ्या झालेल्या असतात. म्हणून त्यांना बांधून ठेवणारी आडवी भिंत किंवा तुळई आवश्यक असते.

प्रत्यक्षात छते बिघडतात ती बहुधा बोल्टांच्या जागी. बोल्ट आवळताच मऊ गाभा चेपतो, भोकातून पाणी शिरते आणि बाल्सा असल्यास तो कुजतो. तेथील गाभा काढून त्या जागी घट्ट रेझीन किंवा घन थर भरावा लागतो. झरोक्याचे कोपरे गोल ठेवतात, कारण काटकोनापासून तडे सुरू होतात. डोलकाठीचा भार तर छतावर सोडूच नये. तिच्याखाली तळापर्यंत पोहोचणारा खांब अथवा आडवी भिंत द्यावी.

सामान्य तापमानास घट्ट झालेले एपॉक्सी रेझीन पुष्कळदा ५०° ते ६०° से.च्या सुमारास मऊ पडू लागते. गडद रंगाचे छत उन्हात याहूनही अधिक तापू शकते. म्हणून ते पांढरे किंवा फिकट रंगवितात.