नव्या संगणकातील जुन्या सोयी

मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्रात प्रथम गाजले ते १९२१ च्या सत्याग्रहामुळे. याच तालुक्यातील हिंजवडी आज माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर परिचित आहे. अशा उद्यानांतील तंत्रज्ञांपुढे येणारा एक प्रश्न संगणकावर कारभार चालविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने समजून घेण्याजोगा आहे. नव्या व्यवस्थेत जुन्या सोयी कोणासाठी आणि कितपत ठेवाव्यात, हा तो प्रश्न होय.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

एकाच संगणकावरील अनेक कामे आता ‘कंटेनर’ नावाच्या कप्प्यांत अलग ठेवली जातात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे निरनिराळी असली तरी पाया एकच असे, तशीच ही रचना आहे. हा सामाईक पाया म्हणजे संगणक प्रणालीचा गाभा, अर्थात ‘कर्नेल’.

संगणकाला आज्ञा देण्याचे साधन म्हणजे टर्मिनल. १९७० च्या सुमारास दूरमुद्रक यंत्रे हे काम करीत. ती यंत्रे गेली. परंतु त्यांची नक्कल करणारी आभासी टर्मिनले गाभ्यात राहिली, कारण असंख्य प्रोग्राम त्यांवरच विसंबून आहेत.

पूर्वी या टर्मिनलांची यादी साऱ्या संगणकास एकच असे. त्यामुळे बिऱ्हाडांमधील आडपडदा अपुरा ठरे. लिनक्स प्रणालीच्या २.६.२९ या आवृत्तीने २००९ मध्ये प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र यादी देण्याची सोय केली. २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून तोच नियम झाला.

धोका आणि गरज

एक जुनी सोय मात्र अधिक नाजूक होती. वापरकर्त्याने स्वतः कळ दाबली आहे असे भासवून टर्मिनलात अक्षरे घालण्याची ही सोय. बाहेरचे टर्मिनल कंटेनरच्या हाती दिले गेल्यास आतील घातक प्रोग्राम या मार्गाने बाहेर आज्ञा चालवू शकतो. म्हणून २०२३ च्या ६.२ या आवृत्तीत ही सोय बंद ठेवण्याचा पर्याय देण्यात आला.

तथापि, ती बंद केल्यावर अंध व्यक्तींना ब्रेल उपकरणाद्वारे संगणक वापरू देणाऱ्या एका प्रोग्रामचे काम अडले. पुढे गाभ्यात दुरुस्ती झाली. सोय इतरांना बंद असली, तरी प्रशासकीय अधिकार लाभलेल्या प्रोग्रामांना ती खुली ठेवण्यात आली. सुरक्षितताही राखली गेली आणि गरजवंताची वाटही बंद झाली नाही.

कार्यालयांसाठी बोध

जुना प्रोग्राम नव्या संगणकावर नेताना त्याला कोणत्या जुन्या सोयी लागतात, त्या कोण वापरतो आणि त्या इतरांसाठी बंद आहेत काय, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. प्रथम चाचणी घ्यावी, मगच बदल अमलात आणावा. जुने सरसकट मोडणे म्हणजे प्रगती नव्हे, आणि सारे उघडे ठेवणे म्हणजे सोय नव्हे. दार बंद करण्यापूर्वी त्यातून कोण ये-जा करतो हे पाहणे, हेच जबाबदार प्रशासनाचे लक्षण आहे.