मौनाची किंमत : जर्मनीतील चर्च आणि मतदाराचा विवेक

१ एप्रिल १९३३, शनिवार. जर्मनीभर ज्यू व्यापाऱ्यांच्या दुकानांपुढे गणवेशधारी नाझी पहारेकरी उभे होते. येथे खरेदी करू नका, असे फलक दारादारांवर लागले होते. बर्लिनमध्ये यूली बोनहॉफर ही नव्वदी गाठलेली वृद्धा त्या पहाऱ्यातून वाट काढत दुकानात शिरली आणि आपली खरेदी करून शांतपणे बाहेर आली. तिचा नातू डीट्रिश बोनहॉफर हा धर्मोपदेशक पुढे हिटलरविरोधी कटाशी असलेल्या संबंधावरून ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथील छळछावणीत फासावर गेला.

आजीबाईंनी जे एकट्याने केले, ते कोट्यवधी अनुयायी असलेल्या चर्चच्या नेतृत्वाला जमले नाही. व्यापाऱ्यांवरील त्या बहिष्काराविरुद्ध ना कॅथलिक, ना प्रोटेस्टंट नेतृत्वाने जाहीर आवाज उठवला.

हे मौन एका दिवसात आले नव्हते. १९३३ पूर्वी कॅथलिक बिशपांनी आपल्या अनुयायांना नाझी विचारसरणीपासून सावध केले होते. ५ मार्च १९३३ च्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे ४४ टक्के मते मिळाली. २३ मार्च रोजी हिटलरने संसदेत चर्चच्या हक्कांना धक्का लावणार नसल्याचे आश्वासन दिले. पाचच दिवसांनी बिशपांनी आपले सर्वसाधारण इशारे मागे घेतले. स्वतःच्या संस्था सुरक्षित राहतील, या आशेपुढे शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न मागे पडला. पुढे संस्थाही सुरक्षित राहिल्या नाहीत.

प्रोटेस्टंट समाजातील अनेकांनी तर नाझी पक्षाला उत्साहाने मते दिली होती. मार्टिन निमोलर हे धर्मोपदेशक त्यांपैकीच एक. भ्रम दूर होताच ते विरोधात उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४५ पर्यंतचा काळ तुरुंगात व छळछावण्यांत गेला. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंटांनी चर्चवरील राजसत्तेचा वरचष्मा नाकारणारे घोषणापत्र काढले. परंतु ज्यूंच्या छळाविषयी त्यातही अक्षर नव्हते. युद्धानंतर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, निमोलर यांच्यासह प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी स्टुटगार्ट येथे आपण अधिक धैर्याने बोललो नाही, अशी जाहीर कबुली दिली. कबुली प्रामाणिक होती; मात्र ज्यांच्यासाठी बोलायचे होते, त्यांतील लक्षावधी लोक तोवर मारले गेले होते.

जर्मन चर्चच्या आजच्या भूमिकेमागे ही आठवण आहे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एकमताने निवेदन प्रसिद्ध केले. वंशाच्या आधारे राष्ट्राची व्याख्या करणारा राष्ट्रवाद ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत आहे. असा विचार मांडणारे पक्ष ख्रिस्ती माणसाने मत देण्याजोगे नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ‘एएफडी’ या पक्षाचा नावानिशी उल्लेख होता. प्रोटेस्टंट नेतृत्वानेही या भूमिकेला पाठिंबा दिला.

या निवेदनाची एक मर्यादा लक्षणीय आहे. अमुक पक्षालाच मत द्या, असे बिशपांनी सांगितले नाही. करांचा दर किती असावा वा शाळा कशा चालवाव्यात, याबाबत श्रद्धावान माणसे वेगवेगळे मत देऊ शकतात. मात्र कोणत्याही मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या जन्मावरून कमी लेखणे, ही या मतभेदांच्या पलीकडची रेषा मानली गेली. शिवाय त्या विचारांकडे ओढल्या जाणाऱ्यांशी, ते बोलण्यास तयार असतील तर, संवाद सुरू ठेवावा, असेही सांगितले गेले. ही बाब महत्त्वाची आहे. कारण दूर लोटलेला माणूस अधिक कडवट होतो, आणि निमोलर यांच्यासारखा मतदार बदलूही शकतो.

या प्रयत्नांवर आक्षेपही आहेत. धर्मसंस्थेने दैनंदिन राजकारणात पडू नये, असे अनेकांना वाटते. त्यांत चर्चचे निष्ठावान सदस्यही आहेत. प्रभावालाही मर्यादा आहेत. आज दोन्ही प्रमुख चर्चचे सदस्य मिळून देशाच्या निम्म्या लोकसंख्येइतकेही नाहीत. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत ८२.५ टक्के मतदान झाले. एकीकरणानंतरचा हा उच्चांक होता. त्याच निवडणुकीत एएफडीची मते २०२१ मधील १०.४ टक्क्यांवरून २०.८ टक्क्यांवर गेली. केवळ निवेदनाने मने बदलत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

तरीही त्या निवेदनाला अर्थ आहे. १९४५ ची कबुली सर्वनाशानंतर आली होती. २०२४ चे शब्द मतदानापूर्वी आले. हिशेब वर्षअखेरीस तपासण्यापेक्षा व्यवहार करतानाच चोख ठेवावा, हे पेढीवरचे साधे शहाणपण आहे. मताचा व्यवहारही त्याला अपवाद नाही. त्या शनिवारी यूलीबाईंनी कोणतेही भाषण केले नाही. त्या फक्त शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढल्या, आणि तीही वेळ असताना.