इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं शेतकरी घराणं कसं शोधाल?
सुरुवात १८५१च्या जनगणनेपासून करावी. तिथे प्रत्येकाच्या जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, मिळतो. शेतकऱ्यापुढे एकर किती, मजूर किती हेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. १८४१ची जनगणना मात्र जपून वाचा, कारण मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून नोंदवण्याची सूचना होती. खरा खजिना आहे १८४०च्या आसपासचे ‘टाइद’ नकाशे. चर्चला द्यायचा दशांश रोखीत ठरवण्यासाठी ते झाले, म्हणून जमिनीचा मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, सगळं नकाशासोबतच्या यादीत एका ओळीत सापडतं. पॅरिश चर्चच्या वहीत बाप्तिस्मा नसेल, तर मेथडिस्ट नोंदवह्या उघडा; हा पंथ कॉर्नवॉलमध्ये गावोगाव रुजला होता. बरेच मूळ कागद रेडरूथच्या ‘क्रेसेन कर्नो’ दप्तरखान्यात आहेत.