आकाशापूर्वीची परीक्षा

वरवट बकालच्या परिसरातील जाणता शेतकरी पेरणीपूर्वी ज्वारीचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. किती दाण्यांना मोड आले, हे पाहून मगच तो शेतात तिफण घालतो. मूठभर दाण्यांवर होणारी परीक्षा साऱ्या रानावर कोण करील? लढाऊ विमाने रचणाऱ्यांनाही हाच विचार करावा लागतो.

नव्या विमानाचे चाचणी-उड्डाण अतिशय खर्चाचे असते. इंधन तर जळतेच; शिवाय विमानात मापनयंत्रे बसवावी लागतात, पुष्कळदा सोबतीला दुसरे विमान धाडावे लागते आणि आकाशातील एका तासासाठी जमिनीवर अनेक तंत्रज्ञ कित्येक तास राबतात. म्हणून जे जमिनीवर कळण्याजोगे आहे, ते आकाशात शोधावयाचे नाही, अशी या शास्त्राची रीत आहे.

त्याचे पहिले साधन वातविवर, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. येथे विमानाची लहानशी प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून वेगाने हवा सोडतात आणि ती हवा तिला किती उचलते, किती मागे रेटते, हे मोजतात. या विद्येचे जर्मन आचार्य प्रांट्‌ल यांच्यापाशी आपले डॉ. विष्णु माधव घाटगे शिकले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले ‘एच. टी. २’ हे प्रशिक्षण-विमान १९५१ साली बंगलोर येथे उडाले.

परंतु विमान हाती घेतल्यावर वैमानिकास काय जाणवेल, हे प्रतिकृती सांगू शकत नाही. ‘मरुत’ या लढाऊ विमानाच्या वेळी त्यावर एक नामी युक्ती योजण्यात आली. कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली धातूचे विमान सिद्ध होण्यापूर्वीच, तेवढेच मोठे व त्याच घडणीचे लाकडी ग्लायडर बांधले गेले. १९५९ साली डाकोटा विमानाने ते ओढीत उंच नेले आणि सोडून दिले. इंजिन नाही, इंधन नाही. तरीही मंद वेगात हा आकार कसा वागतो, ते वैमानिकांना कळले. खरे ‘मरुत’ उडाले ते १९६१ च्या जूनमध्ये.

तथापि सारेच काही आधी कळत नाही. ‘मरुत’चे पहिले उड्डाण करणारे सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित नमुन्याची चाचणी घेताना अपघातात मृत्यू पावले. खर्च वाचविण्याच्या या साऱ्या खटाटोपात पैशाहून मोलाचे काय असते, हे येथे दिसते.

‘तेजस’ विमान तर संगणकाच्या साहाय्यावाचून हवेत स्थिरच राहू शकत नाही. म्हणून त्याच्या नियंत्रणाचे नियम प्रथम जमिनीवरील यंत्रांवर व सिम्युलेटरमध्ये पारखले गेले. पुढे १९९६ साली अमेरिकेत, दुसऱ्या विमानाप्रमाणे वागू शकणाऱ्या एका खास विमानात ते घालून पाहिले. ‘तेजस’ स्वतः ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले.

अशा उड्डाणात विमानातील मापे रेडिओलहरींनी जमिनीवरील कक्षात क्षणोक्षणी उमटत असतात. एक चाचणी बिनचूक झाली की अभियंते वैमानिकास लगेच पुढची करावयास सांगतात. एरवी उतरून, नोंदी तपासून पुन्हा उडावे लागले असते. आणि मापे बिघडू लागली, तर ‘परत फिरा’ हा शब्दही त्याच कक्षातून वर जातो.