जुनी एसयूव्ही कुरकुरतेय? गॅरेज गाठण्याआधी हे तपासा

घरातली जुनी स्कॉर्पिओ, सफारी किंवा जिप्सी विकायला सहसा कुणाचं मन होत नाही. पण दहा-बारा वर्षं झाली की तीच गाडी रोज नवी तक्रार करू लागते. वळताना कटकट, फोर व्हील टाकताच खडखड, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकणार आणि सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. अशा वेळी ''ट्रान्सफर केस उघडावा लागेल'' असं मेकॅनिकने म्हटलं की पोटात गोळा येतो. मात्र आवाज केव्हा, कुठून आणि कसा येतो हे तुम्ही नेमकं सांगू शकलात, तर अर्धं निदान तिथेच होतं आणि विनाकारण होणारा खर्चही टळतो.

आधी सवय तपासा, मग गाडी

यातल्या बहुतेक गाड्यांची फोर व्हील ड्राइव्ह 'पार्ट टाइम' असते. म्हणजे फोर हाय किंवा फोर लो टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखल, वाळू किंवा बर्फात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र त्यांना घसरता येत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी उड्या मारल्यासारखी चालते आणि खालून कडकड ऐकू येते. हा बिघाड नाही, चुकीचा वापर आहे. पण तो रोज केलात तर बिघाड नक्की होईल. कोरड्या रस्त्यावर टू हाय हाच पर्याय ठेवा.

टायरही बघा. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर असतील तर त्यांचा घेर वेगळा होतो आणि फोर व्हीलमध्ये सगळ्या यंत्रणेवर ताण येतो. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले आणि योग्य हवा भरलेले असावेत.

आवाज काय सांगतो?

मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर रेडिओ आणि एसी बंद करून गाडी चालवा. शेजारी बसलेल्याला नोंद करायला सांगा.

• पूर्ण वळण घेताना टक-टक-टक : पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का, ते पाहा. बूट वेळीच बदलला तर जॉइंट वाचतो.

• क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना 'ठक' : प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असू शकतो. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण चालत्या गाडीत शाफ्ट निखळणं जीवघेणं ठरू शकतं.

• वेगाबरोबर वाढणारी घुंऽऽ : चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजव्या बाजूचा संशय घ्या, कारण भार तिकडे जातो. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर तो बहुधा टायरचा असतो.

• अॅक्सिलरेटर दाबताना एक सूर, सोडताना वेगळा : डिफरेन्शियलचे गिअर.

• फक्त फोर व्हीलमध्ये जोर देताना झटका आणि खडखड : ट्रान्सफर केसची चेन सैल झालेली असू शकते.

मोठं काम काढण्याआधी ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलचं ऑइल तपासून घ्या. पावसाळ्यात गाडी खोल पाण्यातून गेली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा चालतो. धातूचे तुकडे सापडले तर मात्र केस उघडावाच लागेल.

विजेचा लपंडाव

काही गाड्यांत फोर व्हील बटण फिरवून लागते. हे काम एक छोटी मोटर करते आणि तिला पुरेसा व्होल्टेज लागतो. त्यामुळे फोर व्हील लागत नसेल किंवा तिचा दिवा लुकलुकत असेल, तर महागडी मोटर बदलण्याआधी बॅटरी बघा.

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती उतरली आहे. इंजिन सुरू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ असावा. तो १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो.

आकडे ठीक असूनही विचित्र गोष्टी घडतात? इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो? मग अर्थिंग तपासा. बॅटरीपासून बॉडी आणि इंजिनला जाणाऱ्या वायरींची टोकं गंजतात, समुद्रकिनारी तर लवकरच. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, टोकं घासून स्वच्छ करा आणि घट्ट बसवा. नंतर लावलेले फॉग लॅम्प, हॉर्न आणि म्युझिक सिस्टीमचे जोडही बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

हे मात्र करू नका

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. तशा गाडीचं इंजिन सुरू करून गिअरही टाकू नका, कारण जमिनीवरचं चाक फिरलं तर गाडी जॅकवरून सुटू शकते. चाक डगमगत असेल, क्रॉस सैल असेल किंवा वायर जळल्याचा वास येत असेल, तर घाटाची सहल पुढे ढकला आणि गाडी टो करून न्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर ''आवाज येतोय'' एवढंच सांगू नका. ''टू हायमध्ये, साठच्या वेगाला, डावीकडे वळताना येतो'' असं सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. बदललेला जुना पार्टही मागून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी फिटनेस तपासणी होते. वेळच्या वेळी केलेली ही छोटी कामं तेव्हाही तुमच्या उपयोगी पडतील.