वृक्षांचा संसार : हिवाळ्यातील श्वसन आणि शिल्लक

पानांनी उन्हाळाभर केलेली कमाई खोडात कशी उतरते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. अमेरिकेतील व्हरमाँट किंवा त्यास लागून असलेल्या क्वेबेकच्या मुलखात, जेथे पारा शून्याखाली वीस अंश जाणे हे नवल नाही, तेथील शर्करा-मेपल पाने गाळून उभा राहतो तेव्हा पाहणाऱ्यास तो निष्प्राण भासतो. वस्तुतः त्याच्या सालीतील, कळ्यांतील, मुळांतील आणि काष्ठाच्या किरणांतील प्रत्येक जिवंत पेशी प्राणवायू घेत असते व साखर जाळीत असते. आणि जमेची बाजू बंद असल्यामुळे हा सारा खर्च शिलकेतूनच भागवावा लागतो.

या खर्चावर थंडीचाच मोठा वचक असतो. तपमान दहा अंशांनी उतरले की श्वसन सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे वीस अंशांवर ज्या कामी चार आणे लागत, तेथे शून्याजवळ एक आणा पुरतो. म्हणून स्थिर, कडक थंडी ही झाडाच्या कोठाराची राखणदारच म्हटली पाहिजे, आणि मध्येच येणारे ऊबदार दिवस त्यास महाग पडतात.

परंतु थंडी केवळ खर्च आवरून थांबत नाही, ती शिलकेचे रूपही पालटते. शरदाच्या अखेरीस मेपलच्या फांदीचा पातळ काप आयोडिनात बुडविला तर किरणपेशींच्या ओळी काळ्यानिळ्या उमटतात, कारण त्या पिष्टाच्या कणांनी भरलेल्या असतात. ऐन हिवाळ्यात तोच प्रयोग केला तर रंग पुष्कळच फिका पडतो. पिष्टाची साखर झालेली असते. आल्फ्रेड फिशर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1891 साली, हिवाळ्यात काष्ठात पिष्ट राखणारे वृक्ष आणि ते पिष्ट नाहीसे होऊन मेद आढळणारे वृक्ष असे दोन वर्ग मांडले; लिंडेन, बर्च व पाइन त्याने दुसऱ्या वर्गात घातले.

साखरेमुळे पेशीरस सहजी गोठत नाही, हे खरे असले तरी अपुरे आहे. किलोभर पाण्यात एक ग्रॅम-रेणू, म्हणजे सुमारे 342 ग्रॅम ऊससाखर विरघळविली तरी गोठणबिंदू जेमतेम 1.86 अंशांनी खाली येतो. मोठा लाभ निराळाच आहे: पेशींबाहेर बर्फ धरू लागला की तो आतील पाणी ओढून घेतो, आणि त्या शुष्कतेत पेशींची नाजूक पटले व प्रथिने विसकटू नयेत, याचा बंदोबस्त ही साखर करते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून रात्री गोठण आणि दिवसा वितळण सुरू झाले, की खोडास पाडलेल्या छिद्रातून पाण्यासारखा नितळ रस थेंबथेंब ठिबकू लागतो. त्यातील साखर आपल्या उसातलीच, पण शेकडा दोनच्या आसपास. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती येतो. या प्रवाहावरील जोन्स, एडसन व मोर्स यांचे विस्तृत संशोधन व्हरमाँटच्या कृषिसंशोधन केंद्राने 1903 साली प्रसिद्ध केले.

ही गंगाजळी किती खोल असते, हे मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड अरण्यात तांबड्या मेपलवर झालेल्या किरणोत्सर्गी कर्बाच्या अभ्यासातून दिसले. तोडलेल्या बुंध्यांना फुटलेल्या धुमाऱ्यांत सतरा वर्षांपर्यंत जुना कर्ब आढळला. तेव्हा एखादा सौम्य हिवाळा धडधाकट झाडाचे दिवाळे काढील असे नाही. वसंतात शेंडे वाळलेले दिसले की लोक थंडीस दोष देतात. माझ्या मते आधी मागील उन्हाळ्याचा हिशेब तपासावा. सुरवंटांनी ऐन हंगामात पाने फस्त केली, की झाड शिल्लक मोडून दुसरी पालवी काढते, ती शरदापूर्वी नुकसान भरून काढू शकत नाही, आणि मुळांतील पिष्ट जवळजवळ संपते. अशा दुबळ्या मुळांत आर्मिलारिया नावाची बुरशी शिरते, आणि ज्या हिवाळ्यात शेजारचा मेपल निभावून जातो, त्यातच हा वठू लागतो.