जुने घर पाहावे श्रावणात

जुने घर विकत घेऊ इच्छिणारी बहुतेक दांपत्ये ते पाहायला उन्हाळ्यात जातात. मुलांना सुटी असते, रस्ते कोरडे असतात आणि लग्नसराईच्या निमित्ताने गावी जाणे झालेलेच असते. वैशाखात जवळजवळ प्रत्येक जुने घर चांगले दिसते. भिंती कोरड्या असतात, ओटी गार लागते, माळ्यावर चढले की कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडलेले दिसतात. त्या कवडशांनी मन प्रसन्न होते, घर मनात भरते आणि विसार दिला जातो. परंतु ज्या फटीतून वैशाखात ऊन आत येते, तिच्यातूनच आषाढात पाणी येते, याची आठवण त्या क्षणी क्वचितच कोणाला होते.

मोखाडा आणि जव्हार या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत ही चूक विशेष महागात पडते. सह्याद्रीच्या उतारावरील या पट्ट्यात वर्षाला सामान्यतः अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्र्यंबकेश्वरहून मोखाड्यावरून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत व्यापारी वस्तीची जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांची मांडणी याच पावसाने ठरवलेली आहे. उंच दगडी जोते, सागाचे खांब, तीव्र उताराचे कौलारू छप्पर, पुढे दुकान, मागे राहते घर आणि वर मालासाठी माळा. अशी वास्तू आज पुन्हा राहण्याजोगी करावी असे अनेक तरुण दांपत्यांना वाटते. कोणाला आजोळचे घर वाचवायचे असते, कोणाला व्यवसायासाठी याच भागात स्थिरावायचे असते, तर कोणाला शहरातील छोट्या सदनिकेनंतर अंगण हवे असते. या सर्वांना उपयोगी पडेल असा सल्ला एकच आहे: घर पाहावे ते श्रावणात. चातुर्मासात आपल्याकडे बांधकामाला हात लावत नाहीत. ते चार महिने घर पाहण्यासाठी आणि कागद तपासण्यासाठी वापरावेत.

आधी कागद, मग कौल

जुन्या घराची पहिली दुरुस्ती कागदांची असते. मोखाडा आणि जव्हार हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६ अ यांनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस घेता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्रीच्या बाबतीत राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. याखेरीज १९७४ च्या एका स्वतंत्र कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून इतरांकडे गेलेल्या जमिनी मूळ कुटुंबांस परत मिळवून देण्याची तरतूद केली.

व्यापारी वाचकाने हे कायदे अडचण म्हणून वाचू नयेत. कर्जाच्या वहीतील वाढत्या व्याजापोटी ठाणे जिल्ह्यातील कित्येक आदिवासी कुटुंबांच्या जमिनी सावकार आणि व्यापारी यांच्याकडे गेल्या, त्या अनुभवातून हे कायदे जन्माला आले आहेत. अचौर्याचे व्रत मानणाऱ्या कुटुंबाने घराचा पाया कोणाच्या जमिनीवर आहे, हे शोधणे म्हणजे केवळ कायदेशीर खबरदारी नव्हे. व्यवहार कायद्यात बसला तरी मनात शंका राहत असेल, तर ते घर सोडून द्यावे.

त्यासाठी सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या नोंदवहीचा उतारा, फेरफाराच्या नोंदी आणि आधीची खरेदीखते ही सलग मांडून पाहावी लागतात. जमिनीवर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर हस्तांतराच्या अटी वेगळ्या असतात. बँकेच्या पॅनेलवरील वकील साधारणपणे ३० वर्षांचा शोध घेतात; जुन्या घराच्या बाबतीत तो त्याहून मागे नेणे शहाणपणाचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे काही जुन्या नोंदींचा माग ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. जव्हार तर १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. तेथील वास्तूचा मूळ दस्तऐवज संस्थानकाळातील असू शकतो.

दुसरा प्रश्न वारसांचा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. म्हणून ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ या तोंडी आश्वासनावर जुने वडिलोपार्जित घर घेऊ नये. बहिणींच्या सह्या खरेदीखतावर असाव्यात किंवा त्यांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे. ज्या घरातून एखाद्या लेकीचा हक्क तिला न विचारता वगळला गेला आहे, त्याला पुढे कितीही चांगला रंग दिला तरी तंटा उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

दोन नावे, एक वही

घर जोडीने घ्यायचे तर नावेही दोघांची असावीत. महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही. सवलत घ्यायची की सहमालकी, हा निर्णय दांपत्याने समजून उमजून घ्यावा. सहमालकी ठरली तर प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाने दिलेली रक्कम खरेदीखतात लिहून ठेवावी. पत्नीचे स्त्रीधन किंवा तिची बचत घरात गेली असेल, तर त्याची नोंद व्हायलाच हवी. अन्यथा दागिने मोडून कौले चढतात आणि वीस वर्षांनी त्याचा कोठेही पुरावा उरत नाही.

कर्जाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. बँका ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकतात. परंतु जुन्या घराची किंमत बँकेचा मूल्यमापक ठरवतो आणि इमारतीचे उरलेले आयुष्य पाहून ती बरीच कमी धरतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत सामान्यतः धरला जात नाही. सगळी बचत खरेदीत घालणाऱ्या दांपत्याजवळ दुरुस्तीसाठी काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून अभियंत्याचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक आधीच करून घ्यावे आणि खरेदी व दुरुस्ती या दोन्हींसाठी एकाच वेळी बँकेकडे जावे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरासाठी खरेदीच्या कर्जावरील व्याजाची वजावट प्रत्येक कर्जदार सहमालकास वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते, तर दुरुस्तीच्या कर्जाला ती मर्यादा ३० हजारांची आहे. हा फरकही हिशेबात धरावा.

घराची एक स्वतंत्र वही असावी आणि ती दोघांनीही लिहावी. तिच्यात दोन रकाने पुरेत: ‘पावसाआधी झालेच पाहिजे’ आणि ‘पुढे केले तरी चालेल’. दुकानाचा दर्शनी भाग, फरशी, दिवे हे सारे दुसऱ्या रकान्यात जाते. छप्पर, खांब, पाण्याचा निचरा आणि स्वयंपाकघरातील धुराची वाट पहिल्या रकान्यात येते. अंदाजपत्रकाच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम राखीव असावी, कारण जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल हे कोणताही गवंडी आधी सांगू शकत नाही. बहुधा पुरुषाचे लक्ष ओटीकडे आणि रस्त्याकडे असते, तर दिवसभर आत वावरणारीला मोरीजवळची ओल, चुलीमागची भेग आणि माळ्याच्या शिडीची डळमळती पायरी दिसते. तिला वही दिली, तर पहिला रकाना बरोबर भरला जातो.

छप्पर, खांब, भिंत

कार्तिकी पौर्णिमेनंतर काम सुरू करावे आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत छप्पर पूर्ण करावे. जूनच्या पहिल्या सरीत उघडे सापडलेले घर एका रात्रीत जितके खराब होते, तितके दहा वर्षांत होत नाही.

कामाचा क्रम वरून खाली असतो. मंगळुरी कौले म्हणून जी आपण ओळखतो, ती १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे काढलेल्या कारखान्यापासून पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ही कौले एकमेकांत अडकतात, वजनाला हलकी असतात आणि फुटलेले एखादे सहज बदलता येते. म्हणून सगळे छप्पर उतरवून पत्रे घालण्याची घाई करू नये. कौले उतरवून घासावीत, बोटाने टिचकी मारून पाहावी; खणखणीत वाजणारी ठेवावीत, बद्द वाजणारी बाजूला काढावीत. खरी तपासणी खालच्या लाकडांची: आढे, वासे आणि रिपा. पाणी मुरलेल्या वाशाचे टोक सुरीने टोचून पाहिले की सुरी आत जाते. तेवढे टोक कापून नवा तुकडा सांधणारा सुतार मिळाला, तर अखंड वासा बदलावा लागत नाही.

खांबाचा तळ हा दुसरा नाजूक भाग. जुन्या कारागिरांनी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे केले, ते लाकूड कोरडे राहावे म्हणून. पुढच्या पिढ्यांनी फरशी उंच केली आणि तळखडे गाडले गेले. मग खांब खालून कुजू लागले. फरशी खणून तळखडा पुन्हा मोकळा करणे, एवढ्यानेही घराचे आयुष्य वाढते. डहाणू आणि तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून जाणवत आलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी लाकडी सांधे आणि भिंतींचा बांध तपासण्याची गरज या जिल्ह्यात अधिक ठळक केली आहे.

माती किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वांत सामान्य चूक. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर बाहेर सोडते. सिमेंटचे कवच चढले की ओल आतच कोंडते, दोनतीन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि आतली माती भुसभुशीत होते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा. चुना निदान काही दिवस पाण्यात भिजवून मुरवावा लागतो आणि गवंडीही जुन्या कामाचा जाणकार लागतो; वेळ अधिक जातो, पण काम टिकते.

वाळवी आणि जयणा

सागाच्या घरात वाळवीचा प्रश्न येतोच आणि जैन कुटुंबात तो केवळ लाकडाचा राहत नाही. विषारी फवारणी करावी की नाही, यावर एकाच घरात दोन मते असतात. येथे जयणेचा विचार व्यवहाराच्याही कामाला येतो, कारण या भागात घरात शिरणारी वाळवी सामान्यतः जमिनीतून वर येते आणि तिला ओल लागते. जोत्याभोवती मोकळा, पाणी न साचणारा पट्टा राखणे, लाकडाचा मातीशी स्पर्श तोडणे, भिंतीला टेकलेली सरपणाची रास हलवणे, माळ्यावरील वर्षानुवर्षांची बासने आणि जुनी कागदपत्रे उचलणे, आणि नव्या लाकडाला बसवण्यापूर्वीच काजूच्या टरफलाचे तेल लावणे, एवढे वेळेवर केले तर पुढील हिंसेचा प्रसंग बराचसा टळतो. वाळवी लागल्यावर विचार करणारास दोनच पर्याय उरतात आणि ते दोन्ही दुःखद असतात.

छपराचे पाणी

या तालुक्यांची सर्वांत मोठी विसंगती पाण्याची. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जुने घर दुरुस्त करणाऱ्या दांपत्याने पन्हळी बदलताना हा विचार करावा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातील केवळ १० हजार लिटर झाकलेल्या टाकीत साठवले आणि चौघांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले, तर ते २५० दिवस पुरते, म्हणजे कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत.

ही कल्पना जैन व्यापारी कुटुंबांना नवी नाही. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचा टांका असे. छप्पर धुऊन पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे गाळून साठवावे, हा तेथील शिरस्ता. दोन-अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या गावात तर तो अधिक सोपा आहे. टाकी मोठी करता आली, तर शेजारच्या घरालाही एक हंडा देता येतो. गावात नवीन आलेल्या कुटुंबाची ओळख अशा हंड्याने जितकी होते, तितकी वास्तुशांतीच्या पंगतीने होत नाही.

हे सारे करूनही वर्षभरात घर पूर्ण होत नाही. पहिल्या श्रावणात एखाद्या कोपऱ्यात थेंब पडतोच. तेव्हा रात्री उठून दोघांनी मिळून खाली पातेले ठेवावे, ती जागा वहीत लिहावी आणि कार्तिकात सुताराला दाखवावी. दुसऱ्या श्रावणात तो थेंब नसेल, तर घर आता राहणाऱ्यांचे झाले असे समजावे.